एका श्वासातला चरण

माझी पत्नी रोज पहाटे जे स्तोत्र म्हणते, ते तिला विवाहानंतर माझ्या वडिलांनी शिकवले. चरण मध्ये तोडू नये, श्वास घ्यायचा तो चरणाच्या शेवटी, हा त्यांचा एकच दंडक होता. तो तिने तापातही मोडला नाही. ते ऐकत जागे होणे, हीच माझी प्रातःसंध्येची पूर्वतयारी.

आमचा मुलगा सौदी अरेबियात अल खफजीला तेलाच्या कंपनीत आहे. त्याची पाळी समुद्रातल्या रिगवर लागली की घर रिकामे होते. सून मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात राहते. आम्ही दोघे त्याच्याकडे राहायला गेलो असता, तो रिगवर असतानाच पत्नीला पित्ताशयातील खड्यांचा तीव्र त्रास सुरू झाला आणि शस्त्रक्रिया करावी, असे ठरले.

भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आधी बोलावून ती कोणकोणती औषधे घेते, ते विचारले. तिने रक्तदाबाची गोळी तेवढी सांगितली. मूळची रत्नागिरीकडची, मुलाच्या खालच्या मजल्यावर राहणारी मुस्लीम शेजारीण सोबतीला आली होती, ती लगेच म्हणाली, "काकी, ती गुडघ्यांची गोळी सांगितलात काय?"

"ते काय औषध झालं? ते आपलं जिना चढायला," पत्नी म्हणाली.

ती गोळी शेजारणीनेच दिलेली होती. जिन्याच्या उत्तरावर मी हसलो; डॉक्टर मात्र हसले नाहीत. अशा काही वेदनाशामकांनी शस्त्रक्रियेत रक्तस्राव वाढू शकतो, हे त्यांनी समजावले; ती गोळी आणि पत्नीच्या पिशवीत निघालेला आयुर्वेदिक गुग्गुळ, दोन्ही थांबवायला सांगितले. मधल्या काळात गुडघे दुखलेच, तर काय घ्यावे आणि किती, तेही सांगितले. रक्तदाबाची गोळी मात्र चालू ठेवायची होती. मनाने काही सुरू करू नका आणि मनाने काही बंदही करू नका, एवढे त्यांनी पुन्हा बजावले.

शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. छेद बरगड्यांच्या खाली, मोठा होता. खोली स्वतंत्र असल्याने मला सोबतीला राहता आले. केरळची एक परिचारिका वरचेवर येऊन विचारी, "अम्मा, दर्द कितना? झीरो से दस?" पत्नी दर वेळी म्हणे, "दो."

पहिल्या दिवशी दिलेल्या वेदनाशामकाने तिला गुंगी आली होती आणि दुसऱ्या पहाटे स्तोत्रात आपण कुठे आहोत, हेच तिला उमगेना. तेव्हापासून ती गोळी नाकारू लागली. मला म्हणाली, "देह दुखायचाच. नाम घेताना गुंगी नको." तिचा हा निग्रह मला पूज्य वाटला, म्हणून मी मध्ये बोललो नाही.

परिचारिका मात्र अस्वस्थ होती. श्वास ओढून वर चढवायचे तीन चेंडू असलेले एक साधन तिने दिले होते. त्यातला एक चेंडू जेमतेम थरथरे. खोकायला सांगितले की पत्नी नुसता घसा खाकरे. अंगात तापाची कसर दिसू लागली होती. जखम ओढते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतात, मग छातीत कफ साठून न्यूमोनिया होऊ शकतो, या वयात तो सोसणार नाही, असे परिचारिकेने मला दाराबाहेर नेऊन सांगितले. पण अम्मा तर दोनच सांगतात, असेही ती म्हणाली.

पुढच्या पहाटे बाहेर अजान झाली आणि पत्नीने हळू आवाजात स्तोत्र आरंभले. चरण मधोमध तुटला. तिने श्वास घेतला, उरलेला अर्धा म्हटला. पुढचाही तसाच तुटला. मी उठलो आणि परिचारिकेकडे जाऊन माझ्या संस्कृतप्रचुर हिंदीत सांगितले की हिने आजवर त्या ठिकाणी श्वास घेतलेला नाही. माझ्या हिंदीला ती एरवी हसत असे. त्या वेळी हसली नाही. खोलीत येऊन तिने पत्नीला एकच ओळ म्हणून दाखवायची विनंती केली. ओळ तुटली.

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "माझं स्तोत्र तुम्ही त्यांना मोजायला दिलंत."

सहनशीलतेवर मी आयुष्यभर प्रवचने केली. सोसणाऱ्याचा श्वास किती उरतो, हे विचारावे, असे कधी मनात आले नव्हते.

थोड्या वेळाने शेजारीण पेज घेऊन आली. घडले ते कळल्यावर पत्नीच्या पायाशी बसत म्हणाली, "काकी, अल्लानं जीभ दिलान ती काय नुसती जपाला? दुखतंय ते पण तिनंच सांगायचं."

परिचारिकेने पुन्हा आकडा विचारला. पत्नी भिंतीकडे पाहत म्हणाली, "सात."

मग डॉक्टर आले. गुंगी येते हे आम्हाला आधी सांगायला हवे होते, औषध बदलता येते, असे ते म्हणाले. सौम्य वेदनाशामक ठरल्या वेळी घ्यायचे, दुखणे चढण्याची वाट पाहायची नाही. तीव्र औषध कमी मात्रेत आणि गरजेपुरते. पहाटेचा जपही त्यांनी वेळा ठरवताना ध्यानात घेतला. घरची सर्दी-तापाची गोळी त्यात मिसळू नका, तेच औषध दुसऱ्या नावाने दोनदा पोटात जाते, हेही बजावले.

त्या दिवशी पोटावर उशी दाबून ती प्रथमच मोकळी खोकली. चेंडू हळूहळू चढू लागले, कसर उतरली. एका पहाटे पूर्ण चरण एका श्वासात ऐकू आला. मी डोळे उघडले नाहीत.

घरी परतल्यावर तीव्र गोळ्या उरल्या, त्या आम्ही रुग्णालयाच्या औषधालयात परत दिल्या. शेजारीण "माझ्या कमरेला झाल्या असत्या की" म्हणत राहिली. पत्नी माझ्याशी मात्र त्या सकाळच्या बाबतीत काहीच बोलली नव्हती.

मग एकदा पहाटे स्तोत्र संपले. आसनावरून उठताना ती क्षणभर थांबली, पोटाला हात लावला आणि कोणी न विचारता म्हणाली, "अहो, आज चार आहे."

गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नव्हती. मी पेज गरम करायला उठलो.