सूतभरचाचांचं टेबल

सोनाळ्यात त्यांचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक असेल. सगळे त्यांना सूतभरचाचा म्हणत. सूत म्हणजे सुतारांच्या हिशेबात इंचाचा आठवा भाग, आणि तेवढंही वाकडं दिसलं की चाचांना चैन पडत नसे. लग्नाला गेले तर नवरदेवाआधी मांडवाचा खांब बघत. दुखवट्याला गेले तरी भिंतीवरचा फोटो सरळ करूनच खाली बसत. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या शेडला लागून, मधे एकच भिंत. दुकानाची पाटी लावली त्या दिवशी मी हौसेने पेढा दिला, तर तो हातात तसाच धरून म्हणाले, "बेटी, पाटी सूतभर डावीकडे उतरली." झालं, मला पुन्हा स्टुलावर चढावं लागलं.

आमचं भांडण असे ते राउटरवरून. लाकडाच्या कडेला गोलाई देणारं, खाचा पाडणारं ते मशीन सुरू झालं की माझ्या गिऱ्हाइकांना ब्लाउजचा गळा ओरडून सांगावा लागे. मी भिंतीवर कात्री आपटायची. "चाचा, थांबा ना जरासे!" पलीकडून उत्तर यायचं, "अर्ध्यात थांबलं तं लाकूड जळते बेटी. गिऱ्हाइकाले चहा पाज तवरिक."

मग ते मशीन आपणहूनच मधे थांबायला लागलं. एका दुपारी मी डोकावले, तर चाचा आपल्या उजव्या हाताकडे पाहत बसले होते. हात थरथरत होता, आणि समोरच्या दारावरची खाच नागमोडी गेली होती.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कंप वाढतच जाणार हेही सांगून टाकलं. मला लेस आणायची होती म्हणून मी सोबत गेले होते. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर मी काय बोलावं याचा विचार करत होते, तोवर चाचा मशिनरीच्या दुकानात शिरलेसुद्धा. "राउटरचं टेबल पाहाचं हाय," म्हणाले. या टेबलाखाली मशीन उलटं टांगलेलं असतं, फक्त पातं वर येतं आणि लाकूड त्याच्यापुढून सरकवायचं. "मशीन जाग्यावर राह्यते, लाकूड चालते. मंग माया हात हालला तं हालू दे." हात गेला तरी काम जाऊ नये, एवढीच त्यांची धडपड होती.

दुकानदाराने दोन-तीन टेबलं दाखवली. चाचांनी प्रत्येकावर गुण्याची, म्हणजे सुताराच्या काटकोनाची, सरळ पट्टी आडवी ठेवली आणि खाली वाकून फटीतून उजेड येतो का ते पाहिलं. "हे मधात दबलेलं हाय. मशीन लटकलं का अजून दबन. मीच बनवतो."

बनवलंही. प्लायवुडचे दोन थर चिकटवले, लाकूड घसरावं म्हणून वर सनमायका लावला, मधे भोक पाडून मशीन धरणारी लोखंडी प्लेट बसवली. तिच्या सांध्यावरून ते पुन्हापुन्हा नख फिरवत. "नखाले अडकलं म्हणजे लाकडालेही अडकन." हातातून स्क्रू निसटत, मी ते उचलून देई, आणि काही झालंच नाही असं आम्ही दोघंही दाखवत असू.

टेबल कामाला आलं. पात्यामागे टेकणासाठी बसवलेल्या पट्टीला लाकूड दाबून धरलं की हाताचा कंप त्यात जिरून जाई. भिंतीपलीकडून पुन्हा सलग आवाज यायला लागला आणि कधी नव्हे ते मला तो गोड वाटू लागला.

पण दुखणं काही थांबलं नव्हतं. एकदा लाकडाचा आखूड तुकडा लावताना हात उडाला. पात्याने तुकडा हिसकला आणि तो भिंतीवर आदळला. मी धावत गेले. बोटं शाबूत होती, चेहरा मात्र पांढराफटक. त्यांनी पातं सोडवलं आणि ज्या पान्याने ते आवळतात तो पाना माझ्या हातात दिला. "तुयापाशी ठेव. मी मांगतला तरी देऊ नको."

दुसऱ्याच दिवशी मागायला आले. "लहानसंच काम हाय, बेटी."

"तुमीच सांगतलं ना, चाचा."

"मिस्त्री मी हाव का तू?"

कधी चिडत, कधी नुसताच हात पुढे करत. तो हात पाहिला की मला माझाच राग येई. पाना दिला तर बोटं जातील, न द्यावा तर हा माणूस रोज थोडा थोडा खचतोय. काय केलं म्हणजे बरोबर होईल, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अखेर एका सकाळी मी पाना त्यांच्या हातावर ठेवला आणि शिलाई बंद करून ऐकत बसले. लोखंडावर लोखंड किणकिणत होतं. थांबायचं, पुन्हा किणकिणायचं. पाना नटावर बसतच नव्हता. उठून जावं असं वाटत होतं, पण जाऊन करणार काय होते मी?

बऱ्याच वेळाने चाचा आले आणि पाना माझ्या कापडांवर ठेवला.

"ठेव बेटी. आता नाई मांगत मी."

हे ऐकायची मी इतके दिवस वाट पाहत होते. आणि ऐकल्यावर मीच तो पाना उचलून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी घेतला नाही.