तीन कोयत्यांची सहा नावं

आमची ऋतुजा जन्मली तीच उसाच्या फडावरच्या पाचटाच्या कोपीत. पुढं शाळेसाठी तिला युसूफ वडगावला आजीपाशी ठेवलं आणि दर दिवाळीनंतर आम्ही दोघं तोडीला जात राहिलो. बी.ए. होऊनही मी मोळ्या बांधल्या. हिनं बांधू नयेत एवढंच डोक्यात होतं.

कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला ती सी भाषेच्या प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाली. तिचे वडील गहिनीनाथ सरळ म्हणाले, "या बारीला बी नापास झाली, तर चल म्हणावं आमच्यासंगं तोडीला." आज ती परीक्षा होती. मी सकाळपासून फोन हातातून खाली ठेवला नाही.

दुपारी वाजला. "माय, पास झाले! पर आधी लई घोटाळा झालता."

परीक्षा घ्यायला बाहेरून आलेल्या सरांनी असं फंक्शन लिहायला सांगितलं, की त्याला कितीही नावं द्यावीत आणि त्यानं ती सगळी दाखवावीत. तिनं घोषणा बरोबर केली. कंसात आधी संख्या, मग स्वल्पविराम, मग तीन टिंबं. टिंबं म्हणजे पुढं किती येतील ते ठरलेलं नाही. नावं दिली आमच्या टोळीतल्या तीन जोड्यांची, आणि संख्या टाकली तीन. पडद्यावर तीनच नावं आली.

"बाकीची माणसं कुठं गेली?" सरांनी विचारलं.

"तीनच कोयते हायत ना, सर."

"कोयते?"

सर कोकणातले. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एकच कोयता मोजतात, हे त्यांना काय माहीत! ते समजावून सांगतानाच तिच्या ध्यानात आलं. किती नावं आली हे फंक्शनला आपलं आपण कळत नाही; सांगाल तेवढीच ते उचलतं. तिनं तीनचे सहा केले. सहाही नावं आली.

"आणि आठ लिहिले असते तर?"

"मग ते सहावर थांबलं नसतं, सर. पुढं जे काही पडलेलं असेल, तेच नाव समजून उचललं असतं. नाहीतर प्रोग्रामच बंद पडला असता."

सरांनी मान डोलावली.

इकडं हे फोनला कान लावून होते. "म्हंजी मशीनला बी माणसं मोजून द्यावी लागत्यात व्हय?"

"व्हय आण्णा. अन् मोजणारा तुमच्यावानी असला, की निम्मी माणसं गायब!"

ह्यांनी लगेच मुकादम आसारामला फोन लावला. "यंदा पोरगी येनार न्हाई. आमी दोघंच."

"कावून?"

"परीक्षा पास झाली ती," हे म्हणाले. आणि आसारामला पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, तरी पुन्हा एकदा मोठ्यानं म्हणाले.