रुमैथियाच्या रस्त्यावरचा गालिचा

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. मी पॅथॉलॉजी लॅबमधली टेक्निशियन, नोकरीचा सगळा काळ रक्त-लघवी तपासण्यात गेला. मायक्रोस्कोपखाली दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... एवढंच माझं शास्त्र. आणि खरं सांगायचं तर मी जे लिहितेय त्यात भूत नाहीच. भूत असतं तर बरं झालं असतं, सगळं त्याच्या माथी मारून मोकळी झाले असते. यात भीती थोडी आहे आणि लाज फार आहे.

माझे यजमान (त्यांना मी कधी नावाने हाक मारली नाही, इथेही 'हे'च म्हणते) कुवेतला एका पेट्रोकेमिकल प्लांटवर प्रोसेस इंजिनिअर होते. मी तिथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. आम्ही दोघं मूळचे नाशिकचे. साल साधारण एकोणऐंशी-ऐंशी. सालमियात समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर चौथ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. यांना विचारूनच लिहितेय. विचारल्यापासून टीव्हीचा आवाज मोठा करून बसलेत.

आता आधी एक गोष्ट सांगते, जी कुवेतमधली आपली माणसं सहसा बोलत नाहीत. तिथले श्रीमंत लोक घर बदलताना चांगल्या चांगल्या वस्तू व्हिलाबाहेर ठेवून देत. सोफे, टेबलं, चालू स्थितीतले फ्रीज. आणि आपल्यातली कितीतरी घरं त्यावर सजलेली होती. पगार उत्तम, गाडी दारात, तरी रस्त्यावरची खुर्ची डिकीत टाकायची आणि पाहुण्यांना सांगायचं, सूकमधून घेतली. सूक म्हणजे बाजार. यांना त्याची फार हौस. मी म्हणायची, "अहो, भिकेचे डोहाळे लागलेत का तुम्हाला?" हे म्हणायचे, "टाकलेलं उचललं तर कुणाचं काय गेलं?"

तर ऑगस्टमध्ये एकदा रुमैथिया नावाच्या बंगल्यांच्या वस्तीवरून येताना यांना रस्त्याच्या कडेला एक गठ्ठा दिसला. करड्या जाड नमद्यात, म्हणजे लोकर थापून केलेल्या जाजमात गुंडाळलेला, वर केसाळ दोरीचे आडवे-उभे वेढे. गठ्ठ्यावर तीन चपटे दगड नीट रचून ठेवलेले. यांनी दगड बाजूला टाकले आणि गठ्ठा घरी आणला. आत गालिचा होता. निळ्या जमिनीवर डाळिंबाच्या फांद्या, लाल रंग थोडा विटलेला. इतकं सुंदर काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तेच मला खटकलं. मी म्हटलं, "इतक्या निगुतीने बांधलेली वस्तू कुणी टाकत नाही. परत ठेवून या." हे म्हणाले, "आता उन्हाचं कोण जाणार? उद्या बघू." उद्या काही बघितलं नाही. गालिचा हॉलमध्ये अंथरला गेला.

त्यानंतर घरात चमत्कारिकच व्हायला लागलं. चहाला भराभर उकळी यायची, पण कप तोंडाला लावावा तर कोमट. मी गॅसला शिव्या दिल्या. नाशिकहून आलेली चिवड्याची सीलबंद पिशवी कपाटात टम्म फुगली. फुगली म्हणजे आत काहीतरी आंबलंय, म्हणून मी चिमूटभर चिवडा लॅबमध्ये नेऊन मायक्रोस्कोपखाली धरला. काही नाही. चिवडा उत्तम होता, आम्ही खाल्ला. माझं डोकं मात्र घरात आलं की ठणकायचं.

यांचं वेगळंच. बॅडमिंटन खेळणारा माणूस, पण हॉलमधून स्वयंपाकघरात येईपर्यंत धाप लागायची. मोजे घालायला वाकले की मध्ये थांबून श्वास घ्यायचे. ओठ काळेनिळे दिसायला लागले. मी रक्त तपासलं, ठीक. ईसीजी काढला, ठीक. हॉस्पिटलचे जिने हे पळत चढून गेले आणि मलाच हसले. घरी आले की पुन्हा तेच, अंथरुणावर उशांना टेकून बसायचे, आडवं होता येईना. एसीचा गॅस गळत असेल म्हणून मेकॅनिक बोलावला. तो थोड्याच वेळात डोकं धरून बाहेर गेला आणि म्हणाला, "मॅडम, एसी ठीक है, घर ठीक नहीं." मी त्याच्यावर जाम उखडले, पण मनातून टरकले होते. परक्या देशात हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत बसल्या जागी गुदमरतोय आणि माझ्या सगळ्या टेस्ट नॉर्मल येतायत. दुसरं काही मला सुचत नव्हतं.

कुवेतमध्ये शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे श्रावणी शुक्रवार सोयीचा पडायचा. त्या शुक्रवारी डॉक्टर सबनीस आणि त्यांच्या मिसेस जेवायला येणार होते. खरं तर यांना डॉक्टरांनी घरातच बघावं म्हणूनच मी घाट घातला होता. पुरणाची डाळ मी कुकरला लावत नाही, आईसारखी पातेल्यातच शिजवते. पाणी खळखळ उकळत होतं आणि डाळ खड्यासारखी. सकाळ सरत आली तरी दाणा बोटाने दबेना. शेवटी वैतागून पातेलं उचललं आणि खालच्या मजल्यावरच्या लिलीअम्माच्या शेगडीवर नेऊन ठेवलं. तिच्याकडे ती डाळ बघता बघता मऊ झाली.

मी वर येऊन यांना सांगितलं. यांनी ड्रॉवरमधून प्लांटवरचा थर्मामीटर काढला आणि उकळत्या पाण्यात धरला. ऐंशीच्या जरा वर जाऊन पारा थांबला. पाणी उड्या मारतंय आणि पारा जागचा हलत नाही. यांनी दुसरा थर्मामीटर धरला, तोही तिथेच. मग ओट्याला टेकून, श्वास गोळा करत म्हणाले, "असं व्हायला हवेचा दाब निम्मा व्हावा लागतो गं... आपण समुद्राच्या कडेला राहतो." यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर सबनीस कुवेतला येण्याआधी लष्करात होते, काही वर्षं लेहला काढलेली. आले ते हसत, पण सोफ्यावर बसल्यावर थोड्या वेळाने त्यांचा हात कपाळाकडे गेला. यांची नाडी बघितली, नखं बघितली, थर्मामीटरची हकिकत ऐकली. मग स्वतःशीच म्हणाले, "हे मी पाहिलंय. पण इथे कसं शक्य आहे?" विमानाने थेट लेहला उतरलेल्या जवानांचं असंच होई म्हणे. आणि बोलता बोलता त्यांची नजर खाली गेली. "हा गालिचा कुठून आणलात?"

"सूकमधून," हे म्हणाले.

"कुठलं दुकान? हे चीनमधल्या यारकंदचं काम आहे. पूर्वी घोड्यांचे तांडे पहाडातल्या खिंडी ओलांडून असा माल लेहच्या बाजारात आणायचे. ती वाट बंद होऊनही जमाना झाला. इथे कोण विकतंय?"

हे दुकानाचं नाव आठवायला लागले. दम लागलेला, ओठ निळे, आणि तरी खोटं दुकान आठवतायत... मला ते बघवेना. मी म्हटलं, "दुकानबिकान काही नाही हो डॉक्टर. रस्त्यावरून उचलून आणलाय."

सबनीसवहिनी मांडून ठेवलेल्या ताटांकडे बघायला लागल्या. यांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला वाटलं धरणी दुभंगावी. मीच बोलले आणि मलाच वाटलं.

डॉक्टर मात्र पुढे झुकले होते. "वर दगड रचलेले होते का?"

"तीन," हे म्हणाले.

मग डॉक्टरांनी सांगितलं. त्या वाटेवर खिंडीत घोडा कोसळला, मेला, तर त्याचं ओझं दुसऱ्या जनावरावर लादता येत नाही, तेही मरेल. म्हणून व्यापारी ते ओझं वाटेच्या कडेला ठेवतो, वर दगड रचतो आणि पुढे जातो. पुढच्या हंगामात येऊन घेऊन जातो. तोवर कुणी हात लावत नाही. कितीही तांडे जावोत. "लेहचे म्हातारे सांगायचे आम्हाला," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही कुणाचं तरी ओझं आणलंय राव."

पुरणपोळ्या तशाच राहिल्या. यांनी गालिचा गुंडाळला, नमदा लपेटला, दोरी बांधली. डॉक्टर हात द्यायला आले तर नको म्हणाले. खांद्यावर घेऊन भर दुपारी चार मजले उतरले, प्रत्येक वळणावर टेकत. सुट्टीचा दिवस, सगळ्यांची दारं उघडी. लिलीअम्माने विचारलं, "कार्पेट बेच दिया?" हे म्हणाले, "नहीं, वापस दे रहा हूँ." मला वाटलं होतं घराबाहेर पडल्यावर यांना बरं वाटेल. पण गाडीत सगळ्या काचा खाली असूनही यांची धाप तशीच, माझं डोकं तसंच. आमचं घर बिचारं ठीकच होतं, जे काय होतं ते गठ्ठ्याबरोबर चाललं होतं.

रुमैथियात ती जागा सापडली. यांनी बाजूला टाकलेले दगड कुणीतरी परत एकावर एक रचून ठेवले होते. शेजारच्या भिंतीच्या सावलीत एक म्हातारा बसला होता. पांढरी विरळ दाढी, गालाची हाडं वर आलेली, डोळे बारीक. यांना ओझं घेऊन येताना पाहिलं तसा उठला, पुढे झाला आणि खांद्यावरून उतरवायला हात दिला. दोघांनी मिळून गठ्ठा जमिनीवर टेकवला. आणि माझ्या डोळ्यांसमोर यांनी एक मोठा, पोटातून श्वास घेतला. मग दुसरा. ओठांवर रंग आला. माझं डोकं उतरलं. बाहेर ऑगस्टची भट्टी होती आणि मी तिथे उभी राहून रडत होते.

म्हातारा लेहचा होता, हिंदुस्थानी छान बोलायचा. वडिलांबरोबर तांड्याने यारकंदला जायचा. वाट बंद झाल्यावर हजला गेला आणि इकडेच राहिला, सूकमध्ये त्याचं लहानसं दुकान होतं. खोली बदलताना टेम्पो इथे बंद पडला, दुसरी गाडी मिळेना. मग त्याने लहानपणापासून माहीत होतं तेच केलं. बाजूला ठेवून वर दगड रचले. गालिचा त्याच्या वडिलांचा. एकदा खिंडीखालच्या तळ्याकाठी त्यांचा घोडा मेला, तेव्हा हेच ओझं एक अख्खा हिवाळा तिथे बर्फात राहिलं होतं, म्हणाला. तळं गोठलं, वितळलं, तांडे आले-गेले. ओझं जागेवर.

गठ्ठा गेलेला पाहिल्यापासून तो रोज दुपारच्या नमाजनंतर तिथे येऊन बसत होता. पोलिसात गेला नव्हता की कुणाला विचारलं नव्हतं. हे हात जोडून काहीतरी सांगायला लागले, माफी, चूक, असं काही. म्हाताऱ्याने यांच्या हातावर हात ठेवला.

"हमारे रास्ते पर जो उठाता था, ठंड में मर रहा होता था. नमदा ओढ़ लेता था, जान बच जाती थी, फिर लौटा देता था. मुझे मालूम था आप आएँगे." आणि मग अगदी आपुलकीने, आजारी माणसाची चौकशी करावी तसं विचारलं, "ज़रूरत पूरी हो गई?"

सालमियात चौथा मजला, एसी, दारात गाडी, दोघांचे पगार. मला वाटलं हे 'हो' म्हणतील. 'हो' म्हणून सुटता आलं असतं. पण हे म्हणाले, "ज़रूरत नहीं थी, बाबा."

म्हाताऱ्याला आधी ते कळलंच नाही. यांच्याकडे बघत राहिला. मग कळलं तशी त्याने नजर काढून घेतली आणि उगाच दोरीची गाठ चाचपायला लागला. लाज आम्हाला वाटायला हवी, तर शरमेने त्याचे कान लाल झाले होते. निघताना मात्र सदऱ्याच्या खिशातून मूठभर सुके जर्दाळू काढून माझ्या पदरात टाकले. वाटेला लागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, म्हणाला.

घरी गेल्यावर यांनी पाणी उकळायला ठेवलं. पारा शंभरावर. नंतर यांनी पुस्तकं पालथी घातली, डॉक्टर सबनीसांनी आणखी दोन डॉक्टरांना विचारलं, मी स्वतः दिसेल त्या शास्त्रज्ञाला छळलं. एका घरापुरती हवा विरळ कशी होईल हे आजवर मला कुणी सांगू शकलेलं नाही, आणि मला स्वतःलाही सांगता येत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.

पण यांना त्याच्याशी काही घेणं नसतं. त्या दुपारी रुमैथियाहून परतल्यावर यांनी आमच्या बिल्डिंगखाली गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "त्याने चोर म्हटलं असतं ना, तर बरं झालं असतं."

मी एरवी गप्प बसणारी बाई नाही. तेव्हा बसले. जर्दाळू पदरात होते. ते खायची आमची छाती झाली नाही आणि टाकवलेही नाहीत.