ट्रेलरच्या छपरावरची टकटक

माझी मावशी भित्री नाही. उलट तिला घाबरणारेच बरेच आहेत आणि त्यात पहिला नंबर माझा.

लग्न झाल्यापासून ती आणि काका एका ट्रेलरमध्ये राहत आले. चाकांवरचं दोन खोल्यांचं घर; पुढे चष्म्याचं दुकान, मागे संसार. जीपला जोडायचं आणि निघायचं. जिथे चष्मेवाला नाही तिथे मुक्काम. काका डोळे तपासायचे, मावशी काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. "सगळ्या गावांना स्वच्छ दिसायला लागलं, पण या दोघांनी एकमेकांकडे कधी नीट पाहिलं नाही," असं माझी आई म्हणते. पण सख्ख्या बहिणीबद्दल बरं बोललं तर आईची जीभ झडेल.

काका बोलण्यात महाकंजूष. गिऱ्हाइकाला "वरची ओळ वाचा" एवढं म्हणायचे, तेच त्यांचं दिवसभराचं भाषण. ट्रेलरच्या छपरावर एसी होता, आणि तो धुळीने सारखा तुंबायचा. काका शिडीने वर चढून तो साफ करायचे, मावशी खाली मेन स्विचपाशी उभी. वरून ओरडलेलं खाली ऐकू येत नसे, आणि काका ओरडणाऱ्यातले नव्हतेच. म्हणून दोघांनी ठोक्यांवर भागवलं. छपरावर एक ठोका, चालू कर. दोन ठोके, बंद कर. तीन ठोके म्हणजे काम झालं, चहा टाक. मला वाटतं, त्यांच्या संसारातल्या जिव्हाळ्याच्या गप्पा त्या एवढ्याच.

काका गेले, तेव्हापासून ट्रेलर आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत उभा आहे. मावशी त्यातच राहते. आणि काका गेल्यावर, थोड्याच दिवसांत, भर दुपारी जेवायला बसलं की छपरावर टकटक व्हायला लागली. एसी बंद असतानाही. मी स्वतः ऐकली आहे. पहिल्यांदा ऐकली तेव्हा हातातला घास हातातच राहिला. मावशी मात्र शांतपणे उठली, मेन चालू केला, थोड्या वेळाने दोन ठोके आले तसा बंद केला. तीन ठोके वाजले की ती दोन कप चहा करायची. एक प्यायची. दुसऱ्यावर साय धरली की तो मोरीत ओतून कप पालथा घालायची.

हे ताईच्या, म्हणजे तिच्या मुलीच्या, कानावर गेलं. ताई लांबच्या शहरात फ्लॅटमध्ये राहते. फोनवरच कडाडली.

"आई, एसीत एखादा नट सुटलाय. तो एसी काढून बघ. नट निघाला तर राहा तिथेच सुखाने. नाही निघाला, तर सुटलेला नट तुझ्या डोक्यात आहे, आणि तू माझ्याकडे राहायला यायचंस. कबूल?"

"कबूल," मावशी म्हणाली. फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघता पुटपुटली, "मी इथून गेले तर तो ठोकणार कुणासाठी?"

मेकॅनिकला बोलवायला तिने साफ नकार दिला. "परक्याचे हात नकोत त्याला. तू आहेस की."

अशा रीतीने मी एकाच वेळी ताईचा साक्षीदार आणि मावशीचा हमाल झालो.

सकाळीच काम धरलं. मेन बंद केला. मावशीने आतून छताची जाळी उतरवली, वायरींचे जोड सोडले आणि वर गेलेले चार लांब बोल्ट पान्याने ढिले केले. एसीला छपराशी धरून ठेवणारे ते तेवढेच. मी वर. एसीखाली रबराची जाड चौकट असते, पाणी आत येऊ नये म्हणून. इतक्या वर्षांच्या उन्हाने ती छपराला अशी चिकटली होती, की जणू दोघांचं लग्नच लागलंय.

"हलतोय का?" खालून आवाज आला.

"हलतोय कसला! मार खाल्ल्याशिवाय हलायचा नाही."

मी एसीच्या कडेला मुठीने एक दणका दिला. कड सुटली. मी तिच्याखाली लाकडाचा तुकडा सरकवला, सुरी घेतली आणि उरलेलं रबर कापायला हात आत घातला. आत अंधार होता. पातं कशाला तरी टेकलं. पाहिलं तर छतातून वर आलेली उघडी वायर. मेन बंद आहे म्हणून निर्धास्तपणे ती बाजूला केली आणि रबर कापून टाकलं.

तेवढ्यात मावशी बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"चालू कर, बंद कर, हा काय पोरखेळ लावलायस?"

"मी कुठे काय म्हणालो?"

"आधी एक ठोकलास. मग लगेच दोन."

"मी एकच दणका मारला मावशी. तोही हा चिकटला होता म्हणून."

"दोन ठोके वाजले. अगदी माझ्या डोक्यावर. म्हणून तर बंद केला."

"काय बंद केला?"

तिचे हात कमरेवरून खाली आले. "मेन," ती म्हणाली. "एक ठोका वाजला म्हणून सवयीने चालू केला होता रे."

मी सुरीकडे पाहिलं. मग माझ्या बोटांकडे. ऊन चांगलं रणरणत होतं, तरी मला हुडहुडी भरली. छपरावर माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि मी काहीच ऐकलं नव्हतं. तरीही मी, का कोण जाणे, जरा सरकून बाजूला जागा केली.

पुढच्या कामाआधी आम्ही मुख्य प्लगच उपटला. दोन फळ्या ट्रेलरला तिरक्या लावल्या, एसीला दोर बांधला आणि मी वरून सोडत, मावशी खालून सावरत, तो जमिनीवर आणला. मग मावशीने आपला चष्मा चढवला आणि झाकण उघडलं. पंखा घट्ट. पत्रे घट्ट. एकूण एक स्क्रू जागच्या जागी. काचेची कड तपासायची तशी तिने प्रत्येकावरून बोट फिरवलं. मी एसी एका कडेने उचलून हलवला, जत्रेतल्या खुळखुळ्यासारखा. आत काही वाजलं नाही.

फोन आला. ताईच.

"निघाला नट?"

मी मावशीकडे पाहिलं. माझी दहाही बोटं शाबूत होती, आणि एवढ्या उपकाराला एक खोटं बोलणं काही जड नव्हतं. "हो, म्हणजे..." मी सुरुवात केली.

मावशीने फोन हिसकावून घेतला. "काही निघालं नाही गं. सगळं घट्ट आहे. मी हरले. येते तुझ्याकडे."

"खरंच?" ताईने पलीकडून दोनदा विचारलं. ताईला एवढ्या सहज जिंकायची सवय नव्हती. मलाही धक्काच बसला. मी हातवारे करून विचारत होतो, अगं काय करतेस? मावशीने फोन तळव्याने झाकला.

"बावळट आहेस. तुझा काका यंत्रात असता तर मला जन्मभर यंत्राजवळ बसावं लागलं असतं. नाहीये ना आत? मग कशाला बसू?"

ती हसली. काका गेल्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि खरं सांगायचं तर छपरावर भरली नव्हती एवढी हुडहुडी मला त्या हसण्याने भरली. तिने तळवा काढला.

"काय गं, तुझा फ्लॅट सगळ्यात वरचा ना?"

"हो आई. का?"

"वर कोण राहतं?"

"वर कोण राहणार? गच्ची आहे. कुणी नाही तिथे."

"बरं झालं," मावशी म्हणाली. "चालू-बंद करायला स्वयंपाकघरातल्या बल्बचं बटण तेवढं माझ्या हाताशी असलेलं बरं."