वॉल्टरचं पुढचं दार

आमच्या सांडोर गावातल्या वॉल्टरकडे जायचं तर मागून जायचं. त्याच्या घराचं तोंड जुन्या बैलगाडीच्या वाटेकडे. नंतर सडक झाली ती मागच्या अंगाला, तेव्हापासून दूधवाल्यापासून फादरपर्यंत सगळे विहिरीकडच्या दारानेच येतात. पुढचं दार उघडतं ते नवरी घरात घ्यायला, नाहीतर गेलेलं माणूस पोचवायला.

वॉल्टर टेम्पोतून केळी-भाजी बाजारात नेतो. उधारी ठेवणारा माणूस नव्हे तो. दोन हजार सालानंतर बँकेवाले बाजारात टेबल मांडून क्रेडिट कार्डं वाटत होते, तेव्हा ह्यानेही एक घेतलं. बायकोच्या, रोझलिनच्या, ऑपरेशनला ते कामी आलं. मुद्दल त्याने फेडलं. वर व्याज नि दंड निघाला तो ऐकून हा म्हणाला, आधी मला समजवा, मग देतो. समजवायला कोणी आलं नाही.

आला तो एकदम कोर्टाचा बेलिफ, टेम्पो जप्त करायचा हुकूम घेऊन. म्हणे खटला चालला, तू हजर नव्हतास, निकाल विरुद्ध गेला. वॉल्टरला खटला झाल्याचाच पत्ता नाही. बेलिफ तसा भला. त्याने सांगितलं, समन्स घेऊन आधी दुसरा माणूस आला होता, घर बंद दिसलं म्हणून दारावर चिकटवून गेला.

"कुठल्या दारावर?" मी विचारलं. मी शेजारीण, कुंपणापाशी होते. ऐकायलाच उभी होते म्हणा ना.

सगळे पुढे गेलो. कोयत्याने घाणेरीची झुडपं तोडून वाट काढावी लागली. दारावर कागदाचे कोपरे तेवढे उरलेले, मधलं वाळवीने नेलेलं. मला त्या समन्सवाल्याचंच नवल. एवढ्या काट्यांतून दारापर्यंत पोचला, आणि मागे जाऊन हाक मारायचं काही त्याला सुचलं नाही.

"बाबा गेल्यापासून इकडे कोणी फिरकलंच नाही," वॉल्टर म्हणाला. "आता कोर्टाला काय सांगू, आमच्यात कोणी मेलं नाही म्हणून समन्स दिसलं नाही?"

"तेच सांग," मी म्हटलं.

वॉल्टरच्या वकिलाने निकाल रद्द करायच्या अर्जात तेच लिहिलं, जरा बऱ्या भाषेत. साक्षीला मी. जज्जसाहेबांनी विचारलं, आजी, तुम्ही त्या दारातून कधी गेलात? म्हटलं, एकदाच, त्याच्या बापाच्या शवपेटीमागून. मग बँकेचा वकील उठला. म्हणजे ते घराचं मुख्य दार नाहीच, असं का?

"मुख्य आहे, म्हणून तर उघडत नाही," मी म्हटलं.

साहेब हसले नाहीत, लिहून घेतलं. थोडे पैसे भरायला लावून त्यांनी निकाल रद्द केला. टेम्पो राहिला, खटला मात्र पुन्हा पहिल्यापासून. रोझलिनने कपाळाला हात लावला. वॉल्टर खूश. कोर्टाच्या आवारात वकिलाच्या मागे मागे फिरून विचारत होता, पुढच्या तारखेला ते व्याजाचं मी स्वतः विचारलं तर चालेल का?