मिक्सरजवळच्या जँडल्स

मंडळी, रागातच लिहितेय.

पुण्याहून आणलेल्या मिक्सरचा प्लग इथल्या सॉकेटमध्ये बसेना, म्हणून आमच्या ह्यांनी इथला प्लग लावला आणि "ही लागत नाही" म्हणत अर्थिंगची हिरवी वायर कापूनच टाकली. तेव्हापासून मिक्सरला हात लावला की मला झिणझिण्या यायच्या. "तुझं काहीतरीच! रबरी जँडल्स घालून वाटत जा," एवढंच उत्तर. जँडल्स म्हणजे आपल्या साध्या स्लिपर्स, इथलं नाव. हॅमिल्टनच्या कडाक्याच्या थंडीतही मी जँडल्स घालून चटण्या वाटत राहिले.

आज मी हॉस्पिटलात ड्यूटीवर होते. ह्यांनी अनवाणीच मिक्सर लावला आणि सणसणीत शॉक बसला. मी घरी येईपर्यंत अर्थिंग जोडून तयार!

"अगं, फार डेंजरस होतं हे," मलाच समजावत होते.

तुमच्या ओट्यापाशी कुणाच्या जँडल्स आहेत हो?