दोन फाळ्यांचं लूर: नगर, तिसगाव, सोनई

हे लिहायचं कारण एवढंच: माझ्या बहिणीची एकुलती मुलगी मेघना नॉर्वेत वारली, तिचं वाद्य माझ्या पत्त्यावर आलं आणि माझ्या हातून बिघडलं. ताई माझा फोन उचलत नाही. हा ब्लॉग मात्र वाचते.

वाद्याचं नाव लूर. दोन हात लांब लाकडी कर्णा. तिकडे डोंगरावर गुरांना हाका घालायला वाजवतात. पेटीतून दमट निघालं, म्हणून मी ते गच्चीवर कडक उन्हात वाळवलं. तिसऱ्या दिवशी उभं उकललं.

नगरहून सकाळची पाथर्डी एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट. करंजी घाटात गाडी रेंगाळते, डबा सोबत ठेवावा. तिसगावात सावळाराम राहतात. देवीच्या गाण्यात वाजतं ते चौंडकं खोड पोखरून करतात.

"उन्हात कुनी ठिवायला सांगितलं, बाई?"

"कोणी नाही. ओलं होतं."

"पापड हाय व्हय त्यो?" आतून त्यांची बायको म्हणाली.

सावळारामांनी कडा चाचपल्या. "फुटलं न्हाई. मूळचंच दोन फाळ्यांचं हाय, वरनं साल गुंडाळल्याली. ह्ये ओलंच ठिवायचं. नाव काय म्हनला?"

मेघनाने मला एकदा पत्रात लिहिलेलं मी सांगितलं: लूर ज्या जुन्या शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ पोखरलेलं खोड. गिरणीतल्या पिठाच्या पेटीलाही तोच शब्द.

"मंग नाव सुतारानंच ठिवलं. वाजवनाऱ्याला कोन इचारतंय!"

मग ते गंभीर झाले. फाळ्या वाकल्या होत्या. "कडा तासून बांधतो. वाजंल. पर तोंडाकडचं लाकूड जाईल."

तोंडाशी मेघनाच्या ओठांनी काळपट झालेला डाग होता. मी नको म्हटलं.

दुपारी घोडेगावमार्गे सोनई, ताईच्या घरी. त्या रस्त्याला थेट गाडी मिळेल असं धरून चालू नये. मी जीपने गेले. ताई दारातच उभी होती.

"वाजतं का?"

मी डाग दाखवला, तासणं का नाकारलं ते सांगितलं.

"डाग काय करू? तिचे फोटो आहेत माझ्याकडे. मला आवाज हवा होता."

"उद्याच परत तिसगावला नेते."

"तू नको नेऊस."

पाणीही न पिता नगरला परतले. माझ्या घरी मेघनाचं आता काही उरलेलं नाही. ताईच्या हाती दिलं ते असं: लाकडाच्या दोन फाळ्या, वाकलेल्या. भूर्जाच्या सालीची पट्टी, तीन ठिकाणी तुटलेली. मेघनाचं पत्र, मूळ प्रत.